शेवटच्या सरदाराचं लोटांगण

नदीची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे! खोटं निघालं तर मगरीनं मला आंघोळ करतानाच ओढून न्यावं.

कनानच्या परमुलखात, तिथल्या डोंगरात आपला एक किल्ला होता. पासेर तिथला सरदार. त्याच्या आज्याच्या काळी आपला दूत तिथं नुसता शिंकला, तरी तीन गावांचे म्होरके धान्य घेऊन धावत यायचे. आले की आपल्या राजाच्या, फॅरोच्या नावानं लोटांगण. आधी पोटावर, मग उताणं. त्याशिवाय तोंड उघडायची सोय नाही!

पासेरच्या वेळेला आपलंच धान्य तिकडं पोचेना. शिपायांना पगार म्हणून नुसते देवाचे आशीर्वाद. एकेक करून सगळे पळाले. उरला पासेर आणि त्याचा खोकला. खोकल्यात रक्त दिसलं, तसा तो हादरला. मरायला भीत नव्हता हो! इथं मेलो तर हे लोक मेंढीच्या कातड्यात गुंडाळून खड्ड्यात ढकलतील, याला भीत होता. ना देह टिकवायला मीठ, ना गुंडाळायला पट्ट्या, ना कुठं कोरलेलं नाव. मग पुढच्या जगात कोण ओळखणार? घर गाठायलाच हवं. त्यासाठी गाढव हवं, पाण्याच्या पखाली हव्यात. ते सगळं खालच्या गावात, अनतियाकडे. बाप मेल्यापासून गावाचा कारभार तीच बघायची.

पासेर काठी टेकत वेशीवर आला. वेस बंद. वर तटावर अनतिया डाळिंब सोलत बसलेली.

"ए भवाने, दार उघड! फॅरोचा सरदार आलाय. गाढव काढ!"

"कुठला फॅरो?" ती म्हणाली. "दर पावसाळ्याला नवाच ऐकू येतो."

"जीभ छाटीन!"

"कशानं? परवा सुरी देऊन कांदे नेलेत ना माझ्या भावाकडून?"

तटावर गाव गोळा झालं, खिदळायला लागलं. पासेर खोकत राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "बाई, मला घरी जाऊन मरायचंय."

"माझ्या बापालाही घरीच मरायचं होतं. याच दगडांवर लोळवलंत त्याला. नीट जमलं नाही म्हणून परत लोळवलंत. उठलाच नाही तो." तिनं डाळिंबाची साल खाली भिरकावली. "घाला लोटांगण. मग बघू."

थुंकावं आणि मागं फिरावं, असं पासेरला वाटलं. पण खड्डा डोळ्यांपुढं आला. तो पोटावर आडवा झाला.

"अहो सरदार, कपाळ मातीला लागलं नाही!" एक कुंभार ओरडला. "आम्हाला फटके बसायचे त्याचे!"

"आता उताणे व्हा!"

"तोंड मिटा, माशी जाईल!"

आयुष्यभर त्यानं हा तमाशा उभ्यानं पाहिला होता. उताणं पडल्यावर खोकला घशातच अडकतो, हे आज कळलं.

वेस करकरली. गाढव बाहेर आलं, पाठीवर दोन पखाली.

"जा," अनतिया म्हणाली, आणि तिचं अहो-जाहो तिथंच संपलं. "तुझ्या राजाला सांग, इथले लोळणारे संपले."

पासेर गाढवावर चढला आणि नदी दिसेपर्यंत तिला शिव्या देत घरी पोचला.

बरं बाई, गाढव मी पदरचं घातलंय! तुमची पडलेली तोंडं बघवेनात म्हणून. वेस करकरली ती आतून अडसर आणखी घट्ट केला म्हणून. पासेर उठला, अंगावरची माती न झटकता, पायीच निघाला.