दोन डिश, एक डोळा

सकाळी ताईनं पेशी वाढवायची उबेची पेटी उघडली. आत दोन डिश होत्या. पुढची स्वच्छ, पण मागची गढूळ, तिच्यातलं गुलाबी पाणी पार पिवळं पडलेलं. जंतू शिरले होते मेले!

प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणत, पण तिचा खराखुरा धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर ऑपरेशनची वाट बघत बसला होता. चुना उडून त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. एक कामातून गेला. दुसऱ्याच्या कडेला मूळ पेशींचा एवढासा जिवंत तुकडा उरला होता, तो डॉक्टरांनी काढून दिला आणि ताईनं त्यातून डोळ्यावर बसवायचे पातळ पडदे वाढवले. एक बसवायला, एक राखीव. पुन्हा काढायला तिथं आता काहीच नव्हतं.

"पुढची स्वच्छ दिसतेय," ताई म्हणाली.

"दिसतेय!" मॅडम कडाडल्या. प्रयोगशाळा त्यांच्या हाताखाली. "दोन्हींतलं हे खाऊचं पाणी एकाच बाटलीतलं ना? बाटलीच नासकी असेल तर हिच्यातही जंतू असणार, अजून दिसत नाहीत एवढंच. असला पडदा बसवला तर डोळा सडेल. दोन्ही फेकाव्या लागतील."

"आणि बाटली चांगली निघाली तर?"

"तर तुझा हात. पुढची आधी भरलीस, मागची भरताना कुठंतरी चुकलीस, म्हणजे पुढची वाचली." मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "घरच्या माणसाचं काम करायचं नाही, हा नियम तुझ्या हट्टापायी मोडला मी. तुझ्या हातून झालं असेल तर या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

कळलं, न कळायला काय झालं! अर्धं आयुष्य तिनं याच खोलीत काढलं होतं.

इथली एक पद्धत होती. नवी बाटली उघडली की तिच्यातलं घोटभर पाणी नळीत काढून उबेत ठेवायचं. बाटली नासकी असली तर नळीही गढुळणार. ती नळी खालच्या फळीवर होती आणि ताईचा हात काही केल्या तिकडे जाईना. आजवर तिनं देवाजवळ एकच मागणं मागितलं होतं, हातून चूक होऊ देऊ नकोस. आता ती पुटपुटत होती, "देवा, चूक माझीच असू दे रे. माझीच!"

तिनं नळी उजेडात धरली. गुलाबी, नितळ. मॅडमनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"काही नाही यात," त्या म्हणाल्या.

"म्हणजे मीच! मॅडम, मीच नासवली!" ताई ढसाढसा रडत होती आणि हसतही होती.

मॅडमनी वर फोन लावला. "पेशंटला आत घ्या, पडदा आणतेय मी." ताईनं सवयीनं पुढच्या डिशकडे हात नेला, तो त्यांनी अडवला.

"तू नाही. कोट काढून ठेव आणि वर पळ, आत नेतील त्याला."

ताईनं कोट खुंटीला अडकवला आणि जिन्याकडे धाव घेतली.