पाच की बारा

हॉटेलच्या दारावर उभ्या राहणाऱ्या त्या रखवालदाराला सगळे पहाड म्हणत. दंड असे, की शर्टाच्या बाह्या उसवून घ्याव्या लागत. भांडखोर गिऱ्हाइकं त्याला पाहूनच नरमायची, त्यामुळे हात उचलायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

ती आली ताईमुळे. तिचा फाटलेला ओठ दिसला आणि तो तरातरा मेहुण्याच्या कत्तलखान्यात गेला. मेहुणा काटकुळा, जेमतेम पहाडच्या खांद्याला लागणारा. पण दिवसभर जनावरांची अर्धी धडं उचलून आकड्यांना टांगायचा.

"भाओजी, पुन्हा ताईला हात लावलात तर..."

पुढचं तोंडातच राहिलं. मेहुण्याने कॉलर धरून त्याला लोखंडी टेबलावर आपटलं. दोन दात पडले. पहाडने त्याचं मनगट सोडवायला सगळा जोर लावला, ते तसूभर हललं नाही. मग रक्तपाण्याच्या फरशीवर पाडून मेहुण्याने त्याला गमबुटांनी तुडवलं. तीन बरगड्या मोडल्या.

"बायकोचा भाऊ आहे, पाहुणचार नको का करायला?" मेहुणा बाकीच्या कामगारांना म्हणाला. एकजण हसलासुद्धा.

बरगड्या जुळल्यावर पहाड जिममधल्या कोचबाईंपुढे जाऊन उभा राहिला. बाई एकेकाळी वेटलिफ्टिंगच्या स्पर्धा गाजवलेल्या, बोलायला रोखठोक.

"एका सेटला बार किती वेळा उचलतोस? किती रेप्स मारतोस?"

"बारा-पंधरा. दम लागेपर्यंत."

"त्याने अंग भरलं, ते काही वाया गेलं नाही. पण एका झटक्यात जड वस्तू हलवायची तर शरीराला जडाचीच सवय हवी. वजन वाढव, रेप्स पाचच मार. मधे तीन-चार मिनिटं गप बसायचं. साधायचंय काय तुला?"

"एका माणसाचा हात मोडायचाय."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "ते मी शिकवत नाही. बार उचलायला शिकवते. बाकीचं तुझं तू निस्तर."

आठ महिने तो पाच-पाचचे सेट मारत राहिला. दंड होते तेवढेच राहिले, पण बारवरचं वजन जवळजवळ दीडपट झालं. ताई मधूनमधून जिन्यावरून पडतच होती, निदान सांगायची तरी तसं.

मग एका दुपारी तिच्या शेजारणीचा फोन आला. पहाड पोचला तेव्हा मेहुणा ताईला केसांना धरून स्वयंपाकघरातून फरफटत आणत होता, दुसऱ्या हातात सुरी. पहाडने सुरीचं मनगट पकडलं. या वेळी ते वळलं, वळत गेलं, आणि कोपर वाळक्या फांदीसारखं मोडलं. सुरी पडली. मेहुणा गुरासारखा ओरडला.

तिथे थांबायला हवं होतं. पहाड थांबला नाही. त्याने मेहुण्याला भिंतीवर आदळलं, छातीवर बसून नाकाचा चेंदा केला. ताई त्याच्या पाठीला लटकली. "सोड रे, मरेल तो!" त्याने मागे न बघता तिला झटकलं. ती उडून दाराच्या चौकटीवर आपटली आणि तिथेच निपचित पडली. तेव्हा कुठे त्याचे हात थांबले.

ताईच्या डोक्याला अकरा टाके पडले. पोलिसांनी विचारलं तेव्हा तिने काही लपवलं नाही. "ओठ फोडायचा तो नवरा. हे डोकं भावाने फोडलं."

दोघांनाही शिक्षा झाली, पहाडला कमी. सुटल्यावर तो ताईच्या नव्या खोलीवर गेला. तिने साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"आत ये म्हणणार नाही," ती म्हणाली. "राग नाही रे माझा. भीती वाटते."

"माझी?"

"तू झटकलंस ना, ते अगदी त्याच्यासारखं होतं."

जिन्यावर पाऊल वाजलं तशी तिने घाईने दार लावून घेतलं. भाजीची पिशवी घेऊन एक म्हातारी वर येत होती. त्याने अंग चोरून तिला वाट करून दिली आणि कठड्याला धरून हळूहळू जिना उतरला.