तुटकनगरीचे प्रधान

मित्रांनो, मी पेणचा एक जुना उंदीर आहे. मांजर आणायला धावू नका, मी प्लॅस्टरचा आहे. उंची चार बोटं, रंग राखाडी, हातात मोदक. हा मोदक मी कित्येक वर्षं तसाच धरून आहे आणि अजून चाखूनही पाहिलेला नाही. यावरून माझ्या स्वभावाची कल्पना यावी.

माझा जन्म पुंडलिककाकांच्या गणपतीच्या कारखान्यात झाला. एकाच रबरी साच्यातून त्या दिवशी आम्ही चाळीस भाऊ निघालो. एकोणचाळीस जणांची तोंडं सरळ होती. माझ्या वेळी साचा जरा सरकला आणि माझी मान डावीकडे वळली ती वळलीच. आता उंदराने आपल्या देवाकडे बघायचं असतं. मला कुठेही ठेवलं की मी माझा देव सोडून शेजारच्याच्या देवाकडे बघायचो. असा उंदीर घरी कोण नेणार? मला डोळे रंगवण्याआधीच टाकाऊ मालाच्या पाटीत टाकलं. डोळे नसताना हे सगळं मला कसं कळलं, असं विचाराल, तर कान होते. कारखान्यात लोक हळू बोलत नाहीत.

त्या पाटीतून मला पुंडलिककाकांच्या लेकीने, भाविकाने उचललं. भाविका तेव्हा बारा वर्षांची होती. मे महिन्याची सुट्टी होती आणि कारखान्यात मुलांना एकच कायदा होता : विकायच्या वस्तूला हात लावायचा नाही. घरात विकायच्या वस्तूच जास्त होत्या. म्हणून भाविका, तिचा धाकटा भाऊ विशाल आणि शेजारची अनिता यांनी आपली जुनी मोडकी खेळणी गोळा केली आणि त्यांचं एक राज्य काढलं. त्याचं नाव तुटकनगरी.

हे राज्य म्हणजे नुसती भातुकली नव्हती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा होता. त्यात प्लॅस्टरच्या गोण्यांचा पांढरा डोंगर होता, खाडी होती, खाडीपलीकडे मिठागरं होती. एक नियमवही होती. प्रत्येकाने आपल्या खेळण्याच्या तोंडून बोलायचं, समोर काय आलं ते भाविकाने सांगायचं, आणि आपण काय करणार ते सांगून फोडलेले चार चिंचोके टाकायचे. पांढरे पडतील तेवढं बळ. चारही काळे पडले तर आठ.

वहीतला पहिला नियम असा, की अखंड वस्तूला नगरीत प्रवेश नाही. दुसरा नियम असा, की ज्याचं जे नाही, तीच त्याची शक्ती. विशालच्या लाकडी घोड्याला मुंडकं नव्हतं, त्यामुळे त्याला भीती वाटत नसे. भीती वाटायला जागाच नव्हती. पत्र्याच्या बेडकाची पट्टी गेली होती, तो टकटक करत नसे, म्हणून तो गुप्तहेर. टोकाची आर निघालेला एक भोवरा होता. तो फिरू शकत नसल्यामुळे त्याची मतंही फिरत नसत, म्हणून त्याला न्यायाधीश केला होता.

मी अनिताच्या वाट्याला आलो आणि थेट प्रधान झालो. त्याला कारण होतं. मिठागरावर खारासुर नावाचा राक्षस राहायचा. त्याच्याकडे जो बघेल त्याचं मीठ व्हायचं. आमच्या नगरीतल्या सात जणांचं मीठ झालं होतं, आणि विशालने ते खरोखर बरणीत भरून ठेवलं होतं. मला डोळे नव्हते, पण कान होते; घोड्याला मुंडकंच नाही, म्हणून त्याला वाटही कळत नसे. म्हणजे खारासुरासमोर जाऊ शकेल असा साऱ्या राज्यात मी एकटा. ज्या पाटीत मला टाकाऊ म्हणून टाकलं, त्याच पाटीने मला प्रधान केलं. असं माणसांतही होतं म्हणतात.

पण लढाई व्हायच्या आत जून आला. अनिताच्या बाबांना रोह्याच्या एका कंपनीत काम लागलं आणि ती घरच्यांबरोबर तिकडे गेली. जाताना ठरलं, की गौरी-गणपतीच्या सुट्टीत दोघी भेटायच्या आणि खारासुराचा निकाल लावायचा. तोवर कुणी माझ्या तोंडून बोलायचं नाही. पावसाळाभर मी गप्प बसलो. विशालने दोनदा माझ्या आवाजात चहा मागायचा प्रयत्न केला, तेव्हा भाविकाने त्याला नियम दाखवला आणि मग हातही दाखवला.

आता माझ्या आयुष्यातला मोठा घोटाळा सांगतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या कारखान्यात काय चालतं, ते पेणच्या माणसाला सांगायला नको. दारात टेम्पो, गिऱ्हाईकं, रंगाचे डबे, आणि मध्ये पोपटदादा. पोपटदादा म्हणजे डोळ्यांची आखणी करणारा कारागीर. दोन महिने तो फक्त डोळे काढायचा. समोर बिनडोळ्यांचं जे येईल त्याला डोळे. एकदा चहाबरोबर आलेल्या बटाटेवड्यालाही त्याने डोळे काढले होते, आणि मग तो वडा खायला कुणी धजेना.

रोह्याचा सखा नावाचा माणूस आपली मूर्ती न्यायला आला आणि त्याच्या मूर्तीचा उंदीर कुणाच्या तरी पायाखाली गेला. "दुसरा द्या लवकर, गाडी चुकंल," असं तो म्हणाला. विशालने मला पोपटदादाच्या पाटावर ठेवून दिलं होतं. का, ते त्यालाही माहीत नाही. पोपटदादाने हात लांब केला, दोन टिपके दिले, वर एकेक पांढरा कण ठेवला.

मित्रांनो, मला दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते पोपटदादाचं नाक. जग एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. दुसरं पाहायच्या आत मी सख्याच्या पिशवीत होतो. तो पेणच्या स्टेशनवरून गाडीत बसला, मांडीवर फडक्यात झाकलेला देव घेऊन. कासू गेलं, नागोठणं गेलं. माझं प्रधानपद मागे राहिलं आणि मला सरकारी नोकरी लागली.

नोकरी चांगली होती, हे कबूल करतो. सख्याच्या आई हौसाबाई रोज देवाला नैवेद्य दाखवायच्या आणि माझ्यापुढे वेगळा गुळाचा खडा ठेवायच्या. मी शेजारच्या समईकडे बघत बसलो होतो, त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. "ह्याचं लक्ष दाराकडं हाय," म्हणायच्या, "घर राखतोय." एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं. फक्त एक गोष्ट रोज कानावर येत होती. गौरीबरोबर विसर्जन. प्लॅस्टरच्या उंदराला पोहता येत नाही.

इकडे भाविकाने दोन तासांत माझा पत्ता लावला. म्हणजे, "रोह्याचा सखा" एवढाच. पोपटदादाला त्याहून जास्त काही आठवेना. पुंडलिककाका थकून भिंतीला टेकले होते. ते म्हणाले, की कारखान्यात दोनशे उंदीर पडलेत, हवा तो घे. भाविका म्हणाली, त्यांतला एकही प्रधान नाही. मग काका शांतपणे म्हणाले, "नेलेला देव परत मागायचा नसतो, पोरी."

"देव नाय मागत. उंदीर मागते."

काकांनी डोळे मिटून घेतले. भाविका शेजारच्यांच्या फोनवरून अनिताशी बोलली. त्या काळी शेजारच्यांच्या फोनवर बोलायचं म्हणजे शेजारच्यांनाही सगळं सांगायचं, तेही झालं.

अनिताने मग जे केलं त्याचा इतिहासात उल्लेख व्हायला हवा. ती रोज संध्याकाळी रोह्यातल्या घराघरांत आरतीला जाऊ लागली. आरती म्हणायची, प्रसाद घ्यायची आणि नमस्कार करता करता उंदराची मान बघायची. सरळ असली की पुढचं घर. ओळख ना पाळख, पण आरतीला आलेल्या पोरीला कोण हाकलणार? उलट दोन मोदक जास्त. चौथ्या दिवशी सतराव्या घरात, पोट धरून, ती माझ्यासमोर वाकली. मोठाले डोळे एकदम जवळ आले. "प्रधानजी?" ती पुटपुटली. मी डावीकडे बघत होतो. तिला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी गौरीपूजन. निरोप मिळताच सकाळच्या गाडीने भाविका रोह्याला आली आणि अनिता तिला सख्याच्या घरी घेऊन आली. बरोबर पोपटदादा होता. काकांनीच त्याला धाडलं होतं, डोळे तू काढलेस, आता निस्तर तूच, असं सांगून. भाविकाच्या हातात जेवणाचा डबा, आणि डब्यात सरळ मानेचा, रंगवलेला, कोरा करकरीत उंदीर.

हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या हाताला पुरणपोळीचं पीठ लागलेलं होतं. पोपटदादा दाराशी उभा राहून आपला हात कसा आपोआप चालतो ते सख्याला समजावत होता. हौसाबाईंनी मान हलवली.

"नाय गो बाय. उद्या देव निघंल. बसायला वाहान नको? देव काय नदीपर्यंत चालत जाईल?"

भाविकाने डबा उघडला. हौसाबाईंनी नवा उंदीर हातात घेऊन पाहिला आणि खाली ठेवला. हा छान आहे, म्हणाल्या, पण हा कोण कुठचा? देवाची आणि ह्याची ओळख तरी आहे का? पाच दिवस गूळ खाल्ला तो एकाने आणि देवाला न्यायचं दुसऱ्याने, हे कुठल्या घरात चालतं?

भाविकाने डबा मिटला. मी कोनाड्यातून पाहत होतो, म्हणजे समईच्या तेलात तिचं प्रतिबिंब पाहत होतो. रडेल असं वाटलं. ती रडली नाही. तिने पिशवीतून नकाशा काढून ओटीवर पसरला, घोडा, बेडूक आणि भोवरा मांडला आणि हौसाबाईंना पहिल्यापासून सगळं सांगायला बसली. नियम, खाडी, मिठागर, सात जणांचं मीठ.

हौसाबाई मीठ म्हटल्यावर बसल्या. त्यांचं माहेर खाडीकडचं होतं. मिठागर नकाशात चुकीच्या बाजूला आहे, भरतीचं पाणी येणार कुठून, असं त्यांनी विचारलं आणि पिठाच्या बोटाने ते योग्य जागी हलवलं. मग विचारलं, ह्या राज्यात रांधतं कोण?

"कुणी नाय," अनिता म्हणाली.

"मग राज्य चाललंय कसं?"

हौसाबाई आत गेल्या आणि दांडा नसलेली एक काळी उलथनी घेऊन आल्या. ही लहानपणी त्यांच्या बाहुलीच्या स्वयंपाकाला होती, नंतर भाकऱ्या उलटून झिजली. ती त्यांनी नकाशावर ठेवली. नियमाप्रमाणे विचारावं लागलं, की हिची शक्ती काय. हौसाबाई म्हणाल्या, हिला दांडा नाय, म्हणजे ही हुकूम नाय चालवत, नुसतं जेवू घालते. भाविकाने ते वहीत लिहून घेतलं.

मग हौसाबाईंनी निर्णय दिला. नव्याला जुन्याशेजारी बसवा. आज आणि उद्याची आरती दोघांनी घ्यायची. गूळ दोघांना. देवाशी ओळख झाली, तर जाईल तो.

मी त्याला रीतसर चार्ज दिला, मित्रांनो. देवाला कुठली फुलं टोचतात, सखा आरतीत कुठे चुकतो, घाट कुठल्या बाजूला आहे. तो सरळ देवाकडे बघत सगळं ऐकत होता. चांगला पोरगा होता. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली, हौसाबाईंनी देव जागचा जरा हलवला, आणि मला उचलून भाविकाच्या ओंजळीत ठेवलं. कुंडलिकेच्या घाटावर सखा पाण्यात उतरला. देव गेला, त्याच्याबरोबर तो गेला. मी भाविकाच्या हातातून पाहिलं. म्हणजे घाटाच्या पायऱ्या पाहिल्या, पण आवाज ऐकला.

पण खरी अडचण पुढेच होती. ओटीवर खेळ मांडला; विशाल घरीच राहिला होता, पण भाविकाबरोबर धाडलेल्या नियमवहीत त्याने मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं : "उंदराला डोळे आहेत. तो आता अखंड." बरोबर होतं. पहिल्या नियमाने मला नगरीत जागा नव्हती. अनिताने दप्तरातून ब्लेड काढलं. दोन मिनिटांचं काम, म्हणाली.

भाविकाने ब्लेड बाजूला ठेवलं. डोळे खरवडायचे नाहीत, नियमही मोडायचा नाही. तिने मला हातात फिरवून पाहिलं. बाहेर लोक पाटावर नदीची वाळू घेऊन परतत होते. मग ती सावकाश म्हणाली, "ह्याचा देव गेलाय."

अनिताने ब्लेड परत दप्तरात टाकलं.

"वाहान हाय आणि बसणारा नाय. हा तुटकच."

हौसाबाईंनी पदराने नाक पुसलं आणि मग माझी शक्ती काय, असं त्यांनीच विचारलं. भाविकाने लिहिलं : पाठीवर जागा रिकामी. कुणालाही नेईल.

तेव्हा लढाईची नवी योजना ठरली. घोड्याला मुंडकं नाही, तो खारासुराला बघू शकत नाही, पण त्याला वाट कळत नाही. वाट मला दिसते. म्हणून मी घोड्याला पाठीवर घेऊन मिठागरापर्यंत न्यायचं आणि तिथून त्याने सरळ धावायचं. जगात उंदराच्या पाठीवर घोडा बसल्याची ही पहिलीच वेळ असावी. पहिल्या खेपेला एकच चिंचोका पांढरा पडला आणि घोडा खाडीत गेला. भाविका म्हणाली, परत. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघं खाडीत गेलो. परत. तिसऱ्या खेपेला हौसाबाईंनी उलथनीने सगळ्यांना जेवू घातलं, आणि पाचव्या खेपेला चारही काळे पडले. खारासुर पडला. पोपटदादाने टाळ्या वाजवल्या आणि त्याची नि भाविकाची परतीची गाडी चुकली.

त्यानंतर चार वर्षं तुटकनगरी गाजली. पेणला तीन आळ्या आणि रोह्याला एक ओटी, एवढा राज्याचा विस्तार झाला. पोरं मुद्दाम नवी खेळणी तोडून आणायची, तेव्हा भाविका त्यांना परत पाठवायची. खेळता खेळता तुटलं तरच घ्यायचं, असा तिने सोळावा नियम केला. मग दहावी आली. नकाशाची घडी झाली आणि आम्ही सगळे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डबा माळ्यावर. तिला दोष नाही. राज्यं अशीच माळ्यावर जातात.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावरही असा एखादा डबा असेल. आतल्यांना रंग द्यायला नको, दुरुस्त करायलाही नको. कुणाचं काय नाही, तेवढं विचारा आणि त्याला काम द्या. आमच्या डब्याचं झाकण गंजून घट्ट झालं आहे. घोड्याला भीती वाटत नाही, उलथनी हुकूम देत नाही, भोवऱ्याचं मत बदलत नाही, आणि आम्ही रोज आतून ढकलतो आहोत. तुम्ही बाहेरून ओढा.