मागच्या रांगेचे पुरस्कार, २००३

नवरीच्या डाव्या खांद्यामागे चौथी बाई. हिरवी साडी, मुठीत अक्षता. नाही.

दादरचा टेम्पो पहाटे निघतो. झेंडू तळाला, निशिगंध त्यावर, सगळ्यात वर ओलं गोणपाट.

सर्वोत्कृष्ट खलनायिका ठरवायला मला वेळ लागत नाही. जी भरल्या घरात, सगळ्यांसमोर अपमान करते ती. स्वयंपाकघरात एकटीच दुधात काहीतरी कालवणारीचा मला उपयोग नाही.

कुंभमेळा. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, भोंगा सुरू आहे: "सटाण्याच्या लंकाबाई, असाल तिथून पोलीस चौकीकडे या. तुमची माणसं थांबली आहेत." भोंगा दिवसभर बायकांची नावं घेतो.

सासूबाईंचा नियम: दुसऱ्याच्या लग्नाचा हार बांधताना शेवटचं फूल उलटं बांधायचं. म्हणजे आपल्या घरातली मुलगी बिनलग्नाची राहत नाही. हा नियम आमच्या घराबाहेर मी कुठं पाहिलेला नाही.

स्ट्रेचर ढकलणारी नर्स. उंची बरोबर. चाल बरोबर. तोंडाला मास्क.

कार्डावर तीन वाक्यं.

आता सरळ सांगते. माझं नाव सुवर्णा. नाशिकजवळ मखमलाबादला आमचा फुलांचा मळा आहे. घरात नवरा नाथा, सासूबाई बयाबाई आणि मी. मुलगी योगिनी. १९९९च्या मे महिन्यात तिला बघायला पिंपळगावचे पाहुणे येणार होते, त्या पहाटे ती फुलांच्या टेम्पोत बसून गेली. ड्रायव्हरला वाटलं आम्हीच पाठवली. दादरला उतरली, पाट्या उतरवायला हात लावला, आणि गेली. एकोणीस वर्षांची होती. दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. पत्ता नाही, शिक्का पुसट. "आई, मला मालिकेत काम मिळालं. बघत जा. दिसेन."

कोणती मालिका, ते लिहिलं नव्हतं. म्हणून मी सगळ्या बघते.

पोलीस म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, कामाला लागली आहे, कार्ड आहे, अजून काय पाहिजे. नाथा तीनदा मुंबईला गेला. स्टुडिओच्या फाटकाशी तिचा दहावीचा फोटो धरून उभा राहिला. तिसऱ्या वेळी वॉचमनने त्याला चहा पाजला आणि सांगितलं की असे फोटो घेऊन येणारे रोज चार-पाच असतात. तेव्हापासून नाथा टीव्हीकडे पाठ करून ओट्यावर बसतो. पहिली दोन वर्षं मालिका संपली की मान न वळवता विचारायचा, "दिसली?" मग विचारायचं थांबला.

तर ही माझी मतं. वाहिनीचे पुरस्कार जानेवारीत होतात. माझे त्याआधी ठरलेले असतात.

सर्वोत्कृष्ट मालिका: 'बारा खोल्यांचं घर'. कथा मला विचारू नका. थोरल्या सुनेची स्मृती दोनदा गेली आणि एकदाच परत आली, एवढं लक्षात आहे. पण २००३ सालात त्या घरात नऊ लग्नं झाली, चार डोहाळजेवणं, एक बारसं, एक तेरावं. लग्नाला कमीत कमी चाळीस माणसं. सप्तपदी चालू असताना कॅमेरा सावकाश फिरतो, घाई करत नाही. ज्याने तो फिरवला त्याचं नाव मला माहीत नाही, पण सर्वोत्कृष्ट छायाचित्रण त्यालाच.

उत्तेजनार्थ 'दुपारची ओपीडी'. व्हरांडा लांब आहे, बाकड्यांवर पेशंट बसलेले असतात, मागून माणसं येत-जात राहतात. मास्कमुळे गुण कापले.

'रात्रपाळीचा फौजदार' या मालिकेचं सगळीकडे कौतुक चाललंय. अभिनय चांगला आहे म्हणतात. असेल. एक खोली, एक टेबल, एक दिवा, तीन माणसं. वर्षभर तीच तीन. मी तिला शून्य दिलं आहे आणि पुन्हा विचार करणार नाही.

वर्षातली सर्वांत वाईट गोष्ट कुठल्या एका मालिकेची नाही, सगळ्यांची आहे. कुणाला धक्का बसला की कॅमेरा तिच्या तोंडावर धावतो. धाड. मग बाजूने, धाड. मग खालून, धाड. मग सासऱ्याचं तोंड, मग दिराचं. मी घड्याळ लावून पाहिलंय, अठरा सेकंद जातात. मागे चाळीस माणसं उभी असतात, ती त्या अठरा सेकंदांत कापली जातात. तिला धक्का बसलाय हे मला पहिल्या धाडलाच कळलेलं असतं.

सासूबाईंची मतं वेगळी आहेत. त्यांना लांबचं दिसत नाही, त्या टीव्हीपासून हातभर अंतरावर पाट टाकून बसतात.

"सुवर्णे, ही बाई मागल्या सोमवारी मेली व्हती ना?"

"मेली नाही आत्याबाई. दुसऱ्या मालिकेत गेली."

"मंग मी रडले कशाला?"

"तुम्हाला हौस."

"मला हौस? आन तू त्या डब्यात डोळं घालून बसती ते काय देवदर्शन हाय?"

दिवाळीच्या आधीचा आठवडा. 'बारा खोल्यांचं घर', नववं लग्न, धाकट्या मुलाचं. मी नेहमीसारखी मागची रांग बघत होते. डावीकडून पहिली, दुसरी, तिसरी. खांबाआड एक अर्धी. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या,

"फूल उलटं हाय."

"कसलं फूल?"

"नवरदेवाच्या हाराचं. गोंड्याच्या वर शेवटचं. उलटं बांधलंय बघ."

मी पुढे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी पुढे पाहिलं. निशिगंधाचा हार, खाली गुलाबाचा गोंडा, आणि त्याच्या वरची शेवटची कळी तोंड वर करून बसलेली. पुढचं काही मला दिसलंच नाही; मग जाहिरात लागली.

मालिकेत काम मिळालं, असं तिने लिहिलं होतं. कुठलं काम ते लिहिलं नव्हतं. नटीचं काम आम्हीच धरून चाललो. माळ्याच्या पोरीला शूटिंगवर कुठलं काम पहिल्यांदा मिळेल, हे माळ्याच्या घरात कुणालाच सुचू नये? ती मागच्या रांगेत नव्हतीच. ती हारात होती, मंडपाच्या माळांत होती, नायिकेच्या गजऱ्यात होती. चार वर्षं ती समोर, मधोमध, दिसत होती, आणि मी दर वेळी तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. किती लग्नं गेली. किती गजरे. जुने भाग परत लावता येत नाहीत.

मी ओट्यावर धावले. नाथाला सगळं सांगितलं. तो विडीचं थोटूक जमिनीवर घासत राहिला.

"बस जरा."

"बसत नाही. उद्याच्या टेम्पोने मुंबईला चल."

"सुवर्णा, तो हार तुझा असंल."

मला कळलं नाही.

"श्रावणापासून आपण हार बांधूनच धाडतो ना? दादरच्या शेठला तिकडं बांधणाऱ्या बाया पुरत नाय. त्याचा एक गाळा शूटिंगवाल्यांना माल देतो. मला म्हणला व्हता तो."

"कधी?"

"श्रावणातच."

"आणि मला सांगितलं नाही?"

"काय सांगू? तू आधीच डब्याला नाक लावून बसती. हे कळलं असतं तर आत जाऊन बसली असती."

श्रावणापासून मी रोज दहा-बारा हार बांधत होते. निशिगंधाचे, खाली गुलाबाचा गोंडा. प्रत्येक हाराचं शेवटचं फूल उलटं.

एकच खूण उरली. योगिनी डावखुरी आहे. आम्ही दोऱ्याचा फास उजवीकडून टाकतो, तिचा डावीकडून पडतो. लांबून कळत नाही, पण हार जवळून पाहिला तर कळ्या उलट्या बाजूला कलतात. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला तोच भाग पुन्हा लागतो. बारापासून मी सासूबाईंच्या पाटावर बसले. सासूबाई कुरकुर न करता मागे सरकल्या. लाइट गेली नाही. केबलही नीट चालू होती. नवरदेव आला. हार आला. कळी उलटी होती. कॅमेरा हारावर सावकाश खाली उतरायला लागला, मी डावा फास की उजवा फास एवढंच बघणार होते, आणि दारातून थोरल्या सुनेची हरवलेली बहीण आत आली.

धाड. धाड. धाड.

मी काचेवर तळहात ठेवला होता. काचेवरची वीज हातावरच्या केसांना लागत होती. अठरा सेकंद. मग सासरा, मग दीर. मग साबणाची जाहिरात.

नाथा त्याच आठवड्यात टेम्पोबरोबर गेला. दादरच्या शेठने फुलं मोजता मोजता सांगितलं की सेटवरही बाया बांधायला असतात, आमचा माल कमी पडला तर त्या जागेवर बांधतात. कोण त्या? येतात जातात. नावं कोण लक्षात ठेवतं? फाटकावर नवा वॉचमन होता. त्याने विचारलं, "फूलवाली? कौनसी फूलवाली?" नाथाने फोटो दाखवला. दहावीचा फोटो. दोन वेण्या. वॉचमन म्हणाला, ही तर लहान मुलगी आहे.

परत आल्यावर नाथा जेवला नाही. पण संध्याकाळी मी टीव्ही लावला तेव्हा तो ओट्यावर गेला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

वाहिनीचे पुरस्कार. जानेवारी, रविवारची दुपार, पुनःप्रक्षेपण. दर वर्षी मी या कार्यक्रमाची वाट बघत असे, कारण सगळ्या मालिकांची सगळी माणसं एका सभागृहात बसतात आणि कॅमेरा मागच्या खुर्च्यांवरूनही फिरतो. या वेळी मी फक्त फुलं बघत होते. व्यासपीठावर थर्माकोलचं कमळ होतं. पाहुण्यांच्या हातात प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले गुच्छ, देठ लांब, नावं माहीत नसलेली फुलं. पूर्ण तीन तासांत बांधलेला हार एकही नाही. सर्वोत्कृष्ट सजावटीचं बक्षीस कुणाला मिळालं ते मी लिहूनही घेतलं नाही.

सर्वोत्कृष्ट मालिका: 'बारा खोल्यांचं घर'. या एकाच बाबतीत त्यांचं आणि माझं जुळलं. निर्मात्या बाई वर आल्या. देवाचे आभार, आईवडिलांचे आभार, वाहिनीचे आभार. मग त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. म्हणाल्या, "पडद्यामागे जे दिवसभर राबतात, त्यांची नावं आज मला मुद्दाम घ्यायची आहेत." चष्मा लावला. कागद उलगडला. कागद मोठा होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला; मागून दिव्याचा उजेड आला तेव्हा अक्षरांच्या ओळी दिसल्या.

"मेकअपचे आमचे..." त्या म्हणाल्या, आणि संगीत सुरू झालं. वेळ संपली होती. निवेदक हसत आला आणि त्यांना कोपराला धरून बाजूला घेऊन गेला. बाई जाताना कागदाची पुन्हा घडी घालत होत्या.

"वाचू दे ना तिला," नाथा म्हणाला. माझ्याशी नाही, टीव्हीशी. "दोन मिंटं वाचू दे. काय बिघडतंय तुमचं?"

सासूबाईंनी विचारलं, "काय झालं? कोण मेलं?"

नाथाने दोन पावलं पुढे येऊन टीव्हीच्या अंगावर हात ठेवला, तापलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि पुढचा पुरस्कार होईपर्यंत तिथंच उभा राहिला.

त्या बाईंना मी आतापर्यंत अकरा पत्रं लिहिली आहेत. तो कागद मला पाठवा, वाचून परत करीन, एवढंच. उत्तर म्हणून नायिकेचा छापील सहीचा फोटो आला. दोनदा.

आता मी असं करते. दादरला जाणाऱ्या प्रत्येक हारात शेवटची तीन फुलं उलटी बांधते. एक उलटं असेल तर चूक म्हणून कुणी सोडून देईल. तीन चुका कुणी करत नाही. हार सेटवर गेला आणि ती तिथं असली, तर गळ्यात घालायच्या आधी कुणाच्या तरी हातून तो सोडवला जातो, झटकला जातो, पाणी मारलं जातं. तो हात तिचा असला तर तिला कळेल. मग तिच्या हारात चार उलटी दिसतील, किंवा दोन, काहीही, फक्त तीन नकोत आणि एक नको. मी मागची रांग बघायचं सोडलं आहे. सासूबाई आणि मी एकाच पाटावर अर्ध्या-अर्ध्या बसतो. नाथा पाठीमागे उभा राहतो. तो म्हणतो, त्याची नजर आमच्या दोघींपेक्षा चांगली आहे.

केबलवाला म्हणतो, 'बारा खोल्यांचं घर' मार्चमध्ये संपणार. त्या आधी एक लग्न व्हायला हवं. मोठ्या नणंदेची सोयरीक जुळतेय, पण तिचा होणारा नवरा काल विमानातून बेपत्ता झाला. मी रोज त्याच्यासाठी उदबत्ती लावते. सापडू दे, मंडपात उभा राहू दे, एक हार गळ्यात पडू दे. २००४ची सर्वोत्कृष्ट मालिका मी आत्ताच ठरवून ठेवली आहे: जिच्यात दहावं लग्न होईल ती.

घरात होती तोवर योगिनीने शेवटचं फूल एकदाही उलटं बांधलं नव्हतं; ती सरळ बांधून उठून जायची आणि मी तिच्या मागून ते उलटं करायचे.