एक कोट, दोन वकील

आमचे हे न्यायाधीश झाले आणि आमच्या घराला कुलूपच लागलं म्हणा ना. शेजारी चहाला जायचं नाही, कुणाच्या लग्नात दिसायचं नाही, भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा करायची नाही. का, तर उद्या त्याचाच खटला ह्यांच्यासमोर आला तर! मी म्हटलं, "अहो, भोपळ्यावरून कोण कोर्टात जातंय?" पण ऐकतील तर शपथ.

सगळ्यात वाईट झालं ते ह्यांच्या जिवलग मित्राचं, वकीलभाऊजींचं. ह्यांनी आणि भाऊजींनी वकिली सुरू केली तेव्हा दोघांत मिळून एकच काळा कोट. एक आत उभा राहिला की दुसरा बाहेर बाकावर. पण ह्यांना खुर्ची मिळाली आणि मैत्री संपली. भाऊजी ह्यांच्याच कोर्टात वकिली करणार, लोक काय म्हणतील! त्यांच्या मुलीच्या लग्नालासुद्धा गेलो नाही, दोन गल्ल्यांवर राहून. तेव्हापासून रस्त्यात गाठ पडली तरी दोघंही मान खाली घालून पुढे जायचे. मला मेलीला लाज वाटायची.

काल हे निवृत्त झाले. आज सकाळी दाढी करताना गाल कापून घेतला.

"त्याने घरात घेतलं नाही तर?" म्हणाले.

जन्मभर लोकांना शिक्षा सुनावणारा माणूस, आणि मित्राच्या दाराला घाबरत होता. मला रागही आला आणि रडूही. म्हटलं, "घेत नाहीत कसे! चला."

दार भाऊजींनीच उघडलं. ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आत येऊ का रे?" ह्यांनी विचारलं.

"आज वेळ नाही. पुढची तारीख घ्या." आणि धाडकन दार लावलं!

ह्यांचा चेहरा इतकासा झाला. पायऱ्या उतरायला लागले. मी दार बडवायला हात उचलला, तोच ते पुन्हा उघडलं. भाऊजींच्या हातात तोच जुना कोट होता आणि डोळ्यांत पाणी.

"जन्मभर लोकांना तारखा दिल्यास, एक तूही घेऊन बघ म्हटलं," ते म्हणाले. "ये गाढवा. किती वर्षं बाकावर बसवून ठेवलंस मला! घाल, आता आत यायची तुझी पाळी."

हे कोट छातीशी धरून पोरासारखे रडले. मीही रडले, पण छातीवरचा धोंडा उतरला एकदाचा.

परत येताना मी भाजीवाल्याशी भोपळ्यावरून मनसोक्त भांडले. आणि हे, पोटावर बटण न लागणारा तो कोट घालून, माझ्या बाजूने वाद घालत होते.