पंचाच्या डोळ्यांचा दाखला

चष्मेवाल्यांना फुटबॉलचं वावडं होतं. बावीस वर्षं त्यांचं दुकान मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं, आणि बावीस वर्षं दर दुसऱ्या शनिवारी दुपारी ते शटर अर्धं खाली ओढून आत बसत. कारण सामना सुटला की हिरवे मफलर गुंडाळलेली माणसं बोंबलत रस्त्यातून जात आणि त्यातला एखादा हमखास आत डोकावून विचारी, "रेफरीसाठी एखादा चष्मा आहे का हो?" पहिल्यांदा ते हसले होते. त्यानंतर कधी नाही.

हा रेफरी एका सोमवारी स्वतःच दुकानात आला. पन्नाशीला टेकलेला, सडसडीत, अबोल माणूस. आठवडाभर तो पाणीखात्यासाठी घरोघरी मीटर वाचत फिरे आणि शनिवारी शिट्टी वाजवी.

"डोळे तपासायचेत," तो म्हणाला.

"त्रास काय होतो?"

"मला काहीच होत नाही. लोकांना होतो."

आदल्या शनिवारी त्याने गावच्या हिरव्या क्लबचा एक गोल ऑफसाइड ठरवला होता. दीड हजार माणसं अकरा मिनिटं एका सुरात "आंधळा, आंधळा" ओरडत होती. ते एक वेळ त्याने सोसलं असतं. पण संध्याकाळी आईचा फोन आला आणि तिनेही आडून आडून विचारलं, "दिसतंय ना रे तुला नीट?"

चष्मेवाल्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला, मग दुसरा. रेफरीने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. त्या ओळीखाली छापखान्याचं नाव बारीक अक्षरात होतं, तेही वाचलं. असे डोळे चष्मेवाल्यांच्या दुकानात वर्षातून एखादवेळी येत, आणि तेही सोबत आलेल्या नातवाचे. त्यांनी दुकानाच्या कागदावर दाखला लिहून दिला, 'दोन्ही डोळे निर्दोष. चष्म्याची आवश्यकता नाही', आणि खाली शिक्का मारला.

रेफरीने तो पंचांच्या संघटनेत नेऊन दिला. संघटनेच्या बाजूने गेल्या कित्येक वर्षांत कोणी चकार शब्द काढला नव्हता. चिटणिसांना इतकं भरून आलं की त्यांनी दाखल्याला काच लावून तो थेट मैदानाच्या फाटकावर टांगला.

आठवड्याच्या आत निवृत्त हेडमास्तर दुकानात आले. नंबर काढून झाला होता, फक्त चष्मा न्यायचा होता.

"मी काय म्हणतो," मास्तर काउंटरकडे बघत म्हणाले, "मी जरा दुसरीकडेही दाखवून घेतो. तुमच्यावर अविश्वास नाही हं. पण त्या माणसाला तुम्ही निर्दोष म्हणालात."

महिनाभरात अशी नऊ गिऱ्हाइकं गेली. एक बाई तर म्हणाल्या, मशीन जुनं झालं असेल, त्यात तुमचा काय दोष.

"अहो, एवढं काय लावून घेताय?" चष्मेवाल्यांची बायको म्हणाली. ती पोस्टात काउंटरवर होती, आणि चिडलेल्या माणसांचा तिला रोजचा सराव होता. "विसरतील लोक."

"विसरायला नकोय मला. सिद्ध करायचंय. एकदा जातो, प्रत्येक निर्णय लिहून काढतो आणि पेपरात छापून आणतो."

त्या शनिवारी चष्मेवाले आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर गेले. पत्र्याच्या छपराखाली सिमेंटच्या पायऱ्या होत्या. शेजारी लॉन्ड्रीवाल्या ताई बसल्या होत्या. संघाच्या जर्सी त्यांच्याकडेच धुवायला यायच्या, त्यामुळे कोण किती वेळा पडला हे आपल्याला चिखलावरून कळतं असं त्या सगळ्यांना सांगत. चष्मेवाल्यांनी वही काढली, तेव्हा ताईंना वाटलं विम्याचा माणूस असावा.

सामन्यात रेफरीने एकतीस निर्णय दिले. वहीप्रमाणे एकोणतीस बरोबर होते, दोन शंकास्पद. क्लब हरला.

"ताई, तो धक्का खरंच होता," चष्मेवाले समजुतीच्या सुरात म्हणाले. "मी बघितला."

ताईंनी त्यांच्याकडे, लहान मुलाने भलताच प्रश्न विचारल्यावर बघावं तसं बघितलं. "पहिल्यांदाच आलात वाटतं?"

एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून चष्मेवाले दुसऱ्याला गेले. तिथे त्यांच्या नजरेला वेगळंच काही पडलं. हिरव्यांचा आघाडीचा खेळाडू, पेशाने सुतार, उंचावरून आलेला चेंडू दर वेळी हातभर चुकवत होता. लोक त्याला आळशी म्हणत होते. चष्मेवाल्यांनी त्याला नुसता मान वाकडी करताना बघितलं आणि रोग ओळखला. सामना संपल्यावर त्यांनी त्याला गाठलं, "उद्या दुकानात या. डावा डोळा अधू आहे तुमचा."

सुताराला लेन्स बसल्या. तिसऱ्या सामन्यात त्याने डोक्याने गोल मारला. गोल झाल्यावर तो पायऱ्यांसमोर धावत आला आणि डाव्या डोळ्याकडे बोट दाखवून चष्मेवाल्यांना सलाम ठोकला. आजूबाजूच्या माणसांनी चष्मेवाल्यांना पाठीत इतके गुद्दे घातले की त्यांचा स्वतःचा चष्मा दोन पायऱ्या खाली जाऊन पडला. वारं सुटलं होतं, म्हणून ताईंनी जादाचा एक मफलर त्यांच्या गळ्यात घातला. तो हिरवा होता हा निव्वळ योगायोग, असं त्यांनी घरी सांगितलं.

वही भरत होती. आणि वहीत एक काळजीची गोष्ट दिसू लागली. रेफरीचे बरोबर निर्णय कमी होत चालले होते. एकोणतीसवरून सव्वीसवर आले, मग एकविसावर, आणि सातव्या सामन्यात तर चौदावर. चष्मेवाले प्रामाणिक माणूस. आपण दाखला दिल्यानंतर माणसाचे डोळे बिघडत असतील तर गप्प बसणं त्यांना पटेना. त्यांनी रेफरीला बोलावून घेतलं.

रेफरीने पुन्हा शेवटची ओळ वाचली. पुन्हा छापखान्याचं नाव वाचलं. चष्मेवाल्यांनी मशीन तपासलं, तक्ता तपासला, टेप लावून खुर्चीचं अंतर मोजलं.

"काही निघालं का?" रेफरीने विचारलं.

"नाही," चष्मेवाले कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "तेच कळत नाहीये."

संध्याकाळी जेवण झाल्यावर बायकोने वही मागून घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी शेजारी धरलं.

"हे वाचा बरं मोठ्याने."

चष्मेवाल्यांनी पहिल्या पानावरचं वाचलं, "हिरव्या जर्सीच्या खेळाडूने पिवळ्या जर्सीच्या खेळाडूस ढकलले. निर्णय योग्य."

"आता हे."

"आपल्या सुताराला त्या निळ्या रेड्याने..." ते थांबले.

"वाचा की."

"त्या निळ्या रेड्याने आडवा केला आणि आपल्यावरच फाऊल."

"पोस्टात मी रोज बघते," बायको म्हणाली. "रांगेत दुसरा कोणी मध्ये घुसला तर तो नालायक. स्वतः घुसले तर घाई असते."

"अगं, तसं काही नाही. निरीक्षण म्हणून लिहितोय मी."

"मफलर काढून बोला मग."

घरात मफलर अजून गळ्यात आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. आता कसलाही हेतू न ठेवता, निव्वळ त्रयस्थ म्हणून, मोसमातला शेवटचा सामना बघायचा असं त्यांनी ठरवलं.

त्या सामन्यात बरोबरी झाली असती तरी क्लब दुसऱ्या गटात टिकला असता. शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरीच होती. मग समोरच्या संघाने चेंडू उंच टाकला आणि मदतीला मागे धावत आलेल्या सुताराने आपल्याच गोलसमोर उडी मारली. चेंडू त्याच्या हाताला लागला. चष्मेवाल्यांनी तो लागताना बघितला, अंगठा मागे वळलेला सुद्धा बघितला. रेफरीने शिट्टी वाजवून पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं.

पायऱ्यांवर क्षणभर शांतता झाली आणि त्या शांततेत एकच आवाज घुमला, "आंधळा आहेस का रे!"

तो चष्मेवाल्यांचा होता. दीड हजार माणसांनी मागे वळून बघितलं, आणि मग असा जल्लोष केला की पेनल्टीवर गोल झाला हे अर्ध्यांना कळलंच नाही. क्लब तिसऱ्या गटात घसरला. चष्मेवाल्यांना मात्र लोकांनी खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर आणलं.

सोमवारी सकाळी दुकानासमोर रांग होती. हेडमास्तर पहिले. "मशीन दुरुस्त करून घेतलंत ते बरं झालं," ते म्हणाले. चष्मेवाल्यांनी मान खाली घालून त्यांचा नंबर काढला. तो आधीचाच निघाला. मास्तर म्हणाले, आता कसं अचूक वाटतंय.

दुपारी गर्दी ओसरल्यावर रेफरी आला. चष्मेवाल्यांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"हात लागला होता," ते घाईघाईने म्हणाले. "मला दिसला होता. तरी तोंडातून गेलं. माफ करा."

"मलाही दिसला," रेफरी म्हणाला. "म्हणून तर दिली." तो खुर्चीवर बसला, पण तक्त्याकडे बघेना. "मी राजीनामा दिलाय. एकोणीस वर्षं झाली. पुरे."

"आमच्यामुळे?"

"नाही हो. शिव्यांचं काही वाटत नाही." त्याने हातातली टोपी दोनदा फिरवली. "मैदानामागच्या गल्लीतच वाढलो मी. वडील खांद्यावर बसवून न्यायचे, हिरवी टोपी घालून. खेळता यायचं नाही, म्हणून म्हटलं, शिट्टी तर शिट्टी, मैदानात तर राहू. तेव्हा हे लक्षात नाही आलं, की शिट्टी घेतली की टाळी वाजवता येत नाही. परवा क्लबला खाली मी घातलं. स्वतःच्या हाताने. घरी गेल्यावर जेवण गेलं नाही."

चष्मेवाल्यांनी तक्त्यावरचा दिवा बंद केला. ते म्हणाले, "पुढच्या मोसमात आमच्या पायरीवर जागा आहे. ताईंना विचारतो."

ताईंनी एका अटीवर होकार दिला: नियम समजावून सांगायचे नाहीत.

तिसऱ्या गटातल्या पहिल्या सामन्याला पायऱ्यांवर जेमतेम चारशे माणसं होती. रेफरी नवा मफलर घालून चष्मेवाले आणि ताईंच्या मध्ये बसला. लोकांनी आधी त्याच्याकडे संशयाने बघितलं, मग कोणीतरी त्याला शेंगदाण्यांची पुडी दिली. उत्तरार्धात सुताराने लांबून गोल मारला. सगळे उठले, ताईंनी चष्मेवाल्यांना मिठी मारली, खालच्या पायरीवरचा एक जण पाय घसरून पडला. रेफरी एकटा बसून राहिला. तो कडेच्या रेषेवरच्या पंचाकडे बघत होता. ऑफसाइडचं निशाण वर जात नाही याची त्याने खात्री करून घेतली, मग गोल मंजूर करत मुख्य पंचाचा हात मैदानाच्या मध्याकडे गेला तेही नीट बघितलं.

एव्हाना लोक शांत होऊन खाली बसले होते. तेव्हा रेफरी उठला, दोन्ही हात वर केले आणि एकट्याने, सगळ्यांच्या देखत, उड्या मारू लागला.