दारावरचा त्सान्को

“पाटी दारावरच लागणार, आणि उद्या सकाळच्या आत,” बोझ्कोव म्हणाला. तो पालिकेचा माणूस. हातात चकचकीत पाटी धरून उभा होता. तिच्यावर पालिकेचं चिन्ह, बँकेचं चिन्ह आणि खाली ‘संयुक्त अर्थसाहाय्यातून विस्तार’ असली जड अक्षरं.

नेद्याल्काकाकूचा कारखाना म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी बरण्यांत भरायच्या दोन खोल्या. आता शेजारची बंद पडलेली दुधाची डेअरी आम्हाला मिळायची होती. जागा पालिकेची, कर्ज व्हिएन्नाच्या बँकेचं, हमी पुन्हा पालिकेची. पाटी दिसली नाही तर बँक पैसा सोडणार नाही. आणि पैसा आला नाही, तर आम्ही बायका हिवाळ्यात परत इटलीला, परक्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढायला.

अडचण एवढीच की दारावर त्सान्को होता, काकूचा नवरा. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर चिकटवतात, आणि मग दर वर्षी नवा. तो कोणी हाताने काढत नाही. ऊन-पाऊस नेईल तेव्हा नेईल. यंदा मेला पाऊस कुठे तडमडला होता कोण जाणे.

बोझ्कोव तसा वाईट नाही. त्याने सुचवलं, कागद घराच्या फाटकावर लावा.

“घरी कोण येतं रे बाबा?” काकू म्हणाली. “इथे येता-जाता चार माणसं त्याच्याकडे बघतात तरी.”

मला तिची कीव आली आणि रागही आला. माझ्याही घरी खाणारी तोंडं होती. मी म्हटलंच, “काकू, तो असता तर त्यानेच खिळे ठोकले असते.”

तिने जुन्या बरण्यांची लेबलं सोडवायला आणतो तसं कोमट पाणी आणलं आणि फडक्याने दार भिजवत बसली. कागदाखालून कागद निघत गेले. सगळ्यांवर तोच फोटो, लग्नातल्या कोटातला, हसरा. आम्हाला तिने हात लावू दिला नाही. अगदी तळाचा कागद मात्र लाकडाला असा धरून बसला होता की निघेचना. शेवटी बोझ्कोवने त्याच्यावरच पाटी ठोकली.

दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाची बाई आली. पाटी पाहून खूश झाली, पाटीचा फोटोही काढला. मग बोझ्कोवमार्फत तिने काकूला विचारलं, या धंद्यात घरचं आणखी कोणी सोबत आहे का?

काकूने मान आडवी हलवली. आमच्याकडे तो होकार. त्या बाईला काय माहीत? “म्हणजे एकट्याच,” असं काहीसं आपल्या भाषेत पुटपुटत ती पुढे निघाली.

बोझ्कोव कसनुसा झाला. त्याने चूक सुधारायला तोंड उघडलं, तशी काकूने त्याची बाही धरली.

“राहू दे,” ती म्हणाली. “तिचं बरोबरच आहे.”

आणि मिरच्या करपतील म्हणून आत निघून गेली.